लॉकडाऊनमधले छंद : २१ दिवसांत सवय खरंच लागते का? घरातल्या घरात करता येतील आणि पुढेही टिकतील अशा ५ गोष्टी

२४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागला. ‘कोणतीही नवी सवय लागायला २१ दिवस लागतात, देवाने आपल्याला नेमके २१ दिवस दिलेत!’

मग काय, कोणी योगासनं सुरू केली, कोणी गिटार बाहेर काढली. इन्स्टाग्राम डालगोना कॉफीच्या फोटोंनी भरून गेलं.

पुढे २१ दिवसांचे ४० झाले, ४० चे ५४ झाले. चौथा लॉकडाऊन ३१ मे रोजी संपला तेव्हा एकूण ६८ दिवस पूर्ण झाले. गिटार पुन्हा कपाटावर गेली असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. चूक तुमची नाही, त्या मेसेजमधल्या आकड्याची आहे!

२१ दिवसांचा आकडा आला कुठून?

मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांच्या लक्षात आलं. १९६० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलं. हे पुस्तक प्रचंड खपलं, पण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्यातला ‘किमान’ हा शब्द गळून पडला आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ एवढंच उरलं.

याचा खरा अभ्यास केला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला. प्रत्येकाने एक साधी सवय निवडली. जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, रोज थोडं पळणं, अशी. १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली गेली.

निष्कर्ष काय निघाला? एखादी गोष्ट आपोआप अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला.

म्हणजे ६८ दिवसांचा लॉकडाऊन त्या ६६ दिवसांच्या अगदी जवळ येतो. पण या अभ्यासातून दिवस मोजण्यापेक्षा जास्त उपयोगाच्या तीन गोष्टी कळतात.

१. नवी सवय रोजच्या एखाद्या कामाला बांधायची. उदा. ‘सकाळचा चहा झाल्यावर.’

२. सवय जितकी सोपी, तितकी ती लवकर अंगवळणी पडते. पाणी प्यायची सवय व्यायामापेक्षा लवकर लागली.

३. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

ही कसोटी लावून आपण पाच गोष्टी पाहूया. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, म्हणून बहुतेक सामान घरात सापडेल असंच निवडलं आहे.

१. ओल्या कचऱ्याचं खत

भाजी रोज चिरली जाते, म्हणजे ही सवय बांधायला खुंटी तयारच आहे.

आधी हे का करायचं ते पाहू. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ साली सुरू झालं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. घरचा ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो सडतो आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. तोच कचरा घरी मोकळ्या हवेत कुजला तर त्याचं खत होतं. शिवाय महामारीतही आपला कचरा कोणीतरी रोज हाताने उचलत होतं. ती पिशवी जितकी हलकी आणि कोरडी, तितकं त्या माणसाचं काम सोपं.

कृती अशी : एक जुनी बादली किंवा रंगाचा रिकामा डबा घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या पानांचा जाड थर द्या. त्यावर रोजच्या भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि प्रत्येक वेळी वरून तेवढाच किंवा थोडा जास्त सुका थर पसरा. वाळलेली पानं नसतील तर वर्तमानपत्राचे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चालतील. सुरुवातीला मूठभर माती आणि थोडं आंबट ताक टाकलं की विरजण लागल्यासारखं काम सुरू होतं. आठवड्यातून दोनदा काठीने हलवा.

ओलावा बरोबर आहे का ते मुठीत दाबून कळतं. गोळा झाला पण पाणी निथळलं नाही, तर बरोबर. वास येत असेल तर ओलं जास्त झालंय, सुकं वाढवा. मुंग्या झाल्या तर फार कोरडं पडलंय, पाण्याचा हबका मारा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. सुका थर द्या आणि झाकण लावा.

मासे, मटण, हाडं आणि तेलकट उरलेलं अन्न यात टाकू नका. आणि वापरलेले मास्क, हातमोजे तर कधीच नाही, ते वेगळ्या पिशवीत बांधून द्या. बादली भरल्यावर दीड-दोन महिन्यांत आतला माल काळसर, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. झालं खत तयार!

२. मिसळणाच्या डब्यातली बाग

नर्सरी बंद असली तर? बियाणं स्वयंपाकघरातच आहे.

मेथीदाणे रात्रभर भिजवा, पसरट डब्यात मातीवर पेरा. आठ-दहा दिवसांत कोवळी पानं कात्रीने कापून कोशिंबिरीत घालता येतात. धणे लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा आणि मग पेरा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. मात्र मे महिन्याच्या उन्हात कोथिंबीर होरपळते, म्हणून कुंडी सावलीत ठेवा. पुदिन्याची पानं वापरून झाली की काड्या पाण्यात उभ्या करा, साधारण आठवड्यात मुळं फुटतात. लसणाच्या मोड आलेल्या पाकळीची पात होते.

मे महिन्यात लावायलाच हवं ते म्हणजे आलं आणि अळू. डोळे फुटलेला आल्याचा तुकडा किंवा अळकुडी तेव्हा मातीत टाकली, की मृगाचा पाऊस ती पुढे वाढवतो. आलं काढायला मात्र आठ-नऊ महिने थांबावं लागतं.

पाणी कुठलं? भाजी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं. वेगळा नळ सोडायची गरज नाही.

३. गच्चीवरचं वाळवण

आपल्याकडे मे महिन्यात घराघरांत वाळवणं घालतात, कारण ऊन फुकट आहे आणि पुढे चार महिने ते मिळणार नाही. वीज न वापरता अन्न टिकवायची ही जुनी पद्धत. पदार्थातलं पाणी उडालं की बुरशीला वाढायला जागा उरत नाही.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढावा लागतो, त्यामुळे नवशिक्यांनी आधी सोपं निवडावं. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, डाळीचे सांडगे, ताक-मिठात मुरवून वाळवलेली मिरची. गच्ची नसेल तर खिडकीच्या ग्रिलमध्ये ताट ठेवून, वर सुती कापड बांधूनही जमतं.

२०२० साली याला आणखी एक बाजू होती. वाहतूक आणि बाजार विस्कळीत झाल्यामुळे अनेक द्राक्ष उत्पादकांनी द्राक्षं विकण्याऐवजी त्यांचे बेदाणे केले. बरेच शेतकरी थेट सोसायट्यांच्या दारात भाजी आणि आंबे पोचवत होते. एकत्र जास्त माल घेऊन त्यातला थोडा वाळवला किंवा मुरवला, तर आपली बेगमी होते आणि त्यांचा माल वाया जात नाही.

४. सुई-दोरा

८ एप्रिल २०२० ला मुंबईत घराबाहेर मास्क सक्तीचा झाला आणि कित्येक घरांतली शिलाई मशीन माळ्यावरून खाली आली. घरी शिवलेला सुती मास्क धुऊन पुन्हा वापरता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

तिथेच थांबू नका. धावदोरा, हातशिलाई आणि बटण लावणं, एवढ्या तीन गोष्टी आल्या की कपड्यांच्या बहुतेक किरकोळ दुरुस्त्या घरी होतात. जुनी साडी किंवा धोतर असेल तर गोधडी हा पावसाळाभर पुरणारा छंद आहे. रोज टीव्ही बघताना एक-दोन ओळी घालायच्या. घरात आजी असेल तर तिला विचारा. तिच्याकडे कौशल्यही आहे आणि ते विचारणारं माणूस बऱ्याच वर्षांत तिला भेटलेलं नाही!

५. खिडकीतलं पक्षीनिरीक्षण

याला एक रुपयाही लागत नाही. लॉकडाऊनमध्ये रस्ते शांत झाल्यामुळे पक्ष्यांचे आवाज आपल्याला जास्त ऐकू येत होते. ९ मे २०२० रोजी जगभरात पक्षी मोजण्याचा दिवस झाला. त्यात सुमारे ५० हजार लोकांनी भाग घेतला, त्यातले कित्येक घरच्या अंगणातून आणि बाल्कनीतून.

सकाळच्या चहाच्या वेळी दहा मिनिटं बसा. भांडं ठोकल्यासारखा एकसुरी ‘टुक-टुक-टुक’ आवाज आला तर तो तांबट. पहाटे उंच जागी बसून गोड शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी दयाळ. जास्वंदीवर भिरभिरणारा इवलासा शिंजीर. आणि ‘कुहू’ ऐकलंत की लक्षात ठेवा, गाणारी कोकिळा नसते, तो नर कोकीळ असतो! मादी ‘किक्-किक्’ असा कर्कश आवाज काढते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

मुलांना एका जुन्या वहीत तारीख, वेळ आणि पक्षी लिहायला लावा. उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, पण ते रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर त्यात डास वाढतील.

छंद एकाचा, काम दुसऱ्याचं?

आता थोडं स्पष्ट बोलूया. लॉकडाऊनमध्ये कामाला येणाऱ्या ताई बंद झाल्या, सगळे जण तिन्ही त्रिकाळ घरी जेवायला लागले आणि बहुतेक घरांत हे सगळं काम एकाच बाईच्या अंगावर पडलं. डालगोना कॉफीचा फोटो एकाने टाकला, पण कप, चमचा आणि ओटा कोणी पुसला?

जो छंद दुसऱ्याचं काम वाढवतो तो टिकत नाही, कारण ते दुसरं माणूस थकतं. म्हणून ज्याने खताची बादली सुरू केली त्यानेच ती हलवायची. ज्याने कुंडी लावली त्यानेच सांडलेली माती झाडायची. वरच्या पाचपैकी काहीच नको असेल, तर रोजची भांडी घासणं किंवा भाजी निवडणं हीसुद्धा चांगली सवय आहे. ती लागली तर घर जन्मभर दुवा देईल.

आणि सगळं एकदम नको. यातली एकच गोष्ट निवडा, ती रोजच्या कुठल्या कामानंतर करणार ते आजच ठरवा आणि आधी छोट्यात छोट्या प्रमाणात करा. एक बादली, एक डबा, दहा मिनिटं.

ऑफिसं आणि शाळा सुरू असल्या की वेळ कमी पडतोच. तेव्हा दोन तासांचा छंद सुटेल. पण भाजी तेव्हाही चिरली जाईल आणि चहा तेव्हाही होईल. जी सवय त्या चहाला बांधलेली असेल, ती तुमच्यासोबत राहील.

तुम्ही यातली कुठली गोष्ट निवडताय? कमेंटमध्ये नक्की सांगा आणि तो २१ दिवसांचा मेसेज ज्यांनी पाठवला होता, त्यांना हा लेख जरूर पाठवा!