एक्झिटरचे स्थलांतरित घर

आपल्या ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी व कुलवृत्तान्त आपण मोठ्या आस्थेने जतन करतो. परंतु ज्या वास्तूंत ती घराणी नांदली, त्या वास्तूंचा वृत्तान्त क्वचितच लिहिला जातो. या दृष्टीने बोधप्रद अशी इंग्लंडमधील एका घराची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डेव्हन परगण्यात एक्स नदीच्या काठी एक्झिटर हे प्राचीन शहर वसले आहे. लोकरी कापडाच्या व्यापाराने ते भरभराटीस आले. तेथील एडमंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मध्ययुगाच्या उत्तरकाळात एक तीन मजली लाकडी घर उभे राहिले. ते राजवाडा नव्हे, गढी नव्हे. नागरिकाचे साधे घर होय.

त्या काळच्या अशा घरांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ओक वृक्षाचे खांब व तुळया घेऊन, एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून, त्यांतून लाकडी खुंट्या ठोकीत. सांगाड्यामधील जागा कुडाने भरून तीवर माती लिंपीत. वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर थोडा पुढे काढीत. त्यामुळे अरुंद जागेतही वर ऐसपैस खोली मिळे. सारा भार सांगाडा वाही; भिंत केवळ आडोशापुरती असे.

मे १९४२ मध्ये जर्मन विमानांच्या बाँबवर्षावाने एक्झिटरच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा बेचिराख झाला. त्यातून वाचलेल्या या घरावर पुढे १९६१ साली नव्या रस्त्याचे संकट आले. तथापि ते पाडण्याऐवजी हलविण्याचे ठरले. सांगाडा भक्कम लाकडांनी जखडून, चाकांवर चढवून, डिसेंबर १९६१ मध्ये ते रुळांवरून चढावर ओढून नेण्यात आले. वजन २१ टनांहून अधिक, अंतर सुमारे ७० मीटर! चढावर घर कलू नये म्हणून जॅकांच्या साह्याने ते सरळ राखले गेले. आज ते सेंट मेरी स्टेप्स या जुन्या चर्चसमोर उभे असून ‘हललेले घर’ याच अर्थाच्या नावाने ओळखले जाते.

हे साधले ते सांध्यांच्या बळावर. परस्परांत गुंतलेला सांगाडा शाबूत होता, म्हणून पाया सुटला तरी घर विखुरले नाही.

आपल्याकडील जुन्या वाड्यांतही सागवानी खांब व तुळया मजल्यांचा भार पेलतात. वाटण्या होतात, वाडा पडतो, आणि पिढ्यानुपिढ्यांचे लाकूड जुन्या बाजारात जाते. प्रत्येक वाडा राखणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पाडण्यापूर्वी त्याची मापे घ्यावी, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावी, माजघर, ओटी, देवघर कोठे होते आणि तेथे कोण राहिले हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. एवढे तर प्रत्येक कुटुंबास करता येईल. वंशावळीशेजारी वास्तूचा एक नकाशाही असावा, अशी आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस आग्रहाची विनंती आहे.