बेंचमार्कची कुळकथा

कोड लिहायला नुकतीच सुरुवात केली की ‘माझा कोड फास्ट चालतो’ हे वाक्य लवकर तोंडी येतं. कशापेक्षा फास्ट आणि कुठल्या कामात, असं विचारलं की गाडी अडते. 1960च्या दशकात संगणक विकत घेणारेही इथेच अडत होते. यंत्र एका सेकंदात किती बेरजा करतं हे कळायचं. पण नुसत्या बेरजांचा प्रोग्राम कोण लिहितो?

वाट सापडली इंग्लंडमध्ये. लेस्टरशायरमधल्या व्हेटस्टोन गावी इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा अणुऊर्जा विभाग होता. तिथे ब्रायन रँडेल आणि लॉफर्ड रसेल यांनी केडीएफ9 संगणकासाठी अल्गोल 60 भाषेचा कंपायलर केला. तो आधी प्रोग्रामपासून सोप्या, मधल्या पायरीवरच्या सूचना तयार करायचा आणि मग त्या एकेक करून पार पाडायचा. त्यामुळे कुठली सूचना किती वेळा लागली, हे मोजता येत होतं. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ब्रायन विचमन यांनी नेमकं हेच हेरलं. शास्त्रीय कामाचे खरेखुरे प्रोग्राम चालवून त्यांनी मोजदाद केली. त्याच प्रमाणात सूचना येतील असा कृत्रिम प्रोग्राम हॅरोल्ड कर्नो यांनी 1972मध्ये रचला. त्याला गावाचंच नाव पडलं : व्हेटस्टोन. यंत्राचा वेग मोजणाऱ्या अशा प्रोग्रामला बेंचमार्क म्हणतात. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की आधी लोकांचं काम पाहिलं आणि मग माप बनवलं.

पुढे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे बेंचमार्क आले. जॅक डोंगारा यांचा लिनपॅक हा बेंचमार्क यंत्राला समीकरणं सोडवायला लावतो. पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007मध्ये वेगात जगात चौथा ठरला तो याच मापावर.

व्हेटस्टोनचा भर दशांशाच्या गणितावर होता. सीमेन्समधल्या राइनहोल्ड वाइकर यांनी 1984मध्ये ड्राइस्टोन आणला, तो पूर्णांक, अक्षरमाला आणि फंक्शनच्या हाका यांच्यासाठी. मूळ प्रोग्राम एडा भाषेत होता, पण पसरला तो सीमधून. मग कंपायलर हुशार होत गेले. ड्राइस्टोनमधल्या काही गणितांची उत्तरं पुढे कुठेच वापरली जात नव्हती, म्हणून कंपायलरने ती गणितंच गाळून टाकली. त्यात त्याची काहीच चूक नाही. बिनकामाचं काम टाळणं हा त्याचा धर्मच आहे. पण यंत्र तेच असताना आकडा वाढू लागला. 1988च्या सुधारित आवृत्तीत वाइकर यांना बदल करून उत्तरं शेवटी छापून घ्यावी लागली.

कंपायलरचं हे गाळणं आजही घरच्या लॅपटॉपवर पाहता येतं. 1पासून 10 कोटींपर्यंतची बेरीज करणारा लूप सीमध्ये लिहा, उत्तर कुठेही छापू नका आणि जीसीसी या कंपायलरला -ओ2 हा पर्याय द्या. वेळ जवळपास शून्य येईल, कारण लूप उरलेलाच नसतो. उत्तर छापलं तरी क्लँग हा दुसरा कंपायलर लूपच्या जागी शाळेत शिकलेलं बेरजेचं सूत्रच बसवतो. म्हणून पहिलं माप घेतानाच आपल्या खऱ्या कामातला तुकडा घ्यावा, फाइलमधून वाचलेल्या आकड्यांवर चालणारा, आणि त्याचं उत्तर वापरावं.

तरीही दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो. मागे इतर प्रोग्राम चालूच असतात. 2003मध्ये पायथॉनच्या 2.3 आवृत्तीत वेळ मोजणारं टाइमइट हे मॉड्यूल आलं ते असे गोंधळ टाळण्यासाठी. आपण संख्या दिली नाही, तर त्याचं टाइमइट हे फंक्शन कोडचा तुकडा 10 लाख वेळा चालवतं. पूर्वतयारीचा वेळ त्यात धरत नाही. मापं पुन्हा पुन्हा घ्या आणि त्यांतलं सर्वांत कमी पाहा, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत सांगितलं आहे, कारण जास्तीचा वेळ बहुधा दुसऱ्या कुणीतरी खाल्लेला असतो. मापाच्या काळात टाइमइट मेमरीची साफसफाईही बंद ठेवतं. मात्र आपला कोड ढीगभर ऑब्जेक्ट बनवून टाकून देणारा असेल, तर ती साफसफाई हाही त्याच्या खऱ्या कामाचाच भाग असतो. अशा वेळी पूर्वतयारीच्या ओळीत ती पुन्हा सुरू करून मगच मोजावं.