तळीराम मरतो त्या रात्री

साल १९८६. मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे दिवस. तुम्ही अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात आहात. हा मुलूख अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा व्हायला १९९९ चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागेल. धान कापून झालं आहे. घरोघरी पाहुणे उतरलेत, लेकी माहेरी आल्यात. दुपारी दंडार झाली, खडी गंमत झाली, ही इथली लोकनाट्यं. आता रात्रीचे दहा वाजून गेलेत आणि धानाच्या रिकाम्या बांधीत अंथरलेल्या तणशीवर तुम्ही अंगाभोवती चादर लपेटून बसला आहात. नाटक पहाटेपर्यंत चालेल, म्हणून पोरांना आत्ताच मांडीवर घेऊन निजवलं जातंय.

नाटक आहे राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. दारूत बुडणारा सुधाकर कोण, त्याची बायको सिंधू कोण, याची गावात कुणी फारशी चौकशी केलेली नाही. हसवणारा दारुडा तळीराम कोण करतोय, एवढंच सगळे विचारत होते. तो कोण, हे कळल्यावर वर्गणी आपसूक जमली. त्याचं नाव मी सांगत नाही. असे नट पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पिढ्यान् पिढ्या झाले आणि ही रात्र मी त्या सगळ्यांची मिळून उभी केली आहे.

तो येतो आणि बांधी उठून बसते. अजून तोंड उघडलेलं नाही, नुसती टोपी सारखी केली आहे, तरी मागून शिट्टी येते. आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, बैठकीत तो गडकऱ्यांच्या भाषेत स्वतःची भर घालतो. वरून लोंबणाऱ्या माइकखाली येऊन मोहाच्या दारूवर काहीतरी बोलतो आणि पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याकडे बघून हात जोडतो. सगळं गाव त्या पाहुण्याकडे वळतं. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागतो. बायकांच्या बाजूलाही हसणं आहे, पण जरा बेताचं. घरात पिणारा असला की दारुड्याच्या नकलेवर किती हसायचं, हे त्या आपापल्या ठरवतात.

मग तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेश लागतो. तो खाटेवर आहे, डॉक्टर आणि वैद्य त्याच्या उशाशी भांडताहेत. प्रवेश लिहिलाय तो हसण्यासाठीच. दरवर्षी इथे तो उठून बसायचा, डोळे फिरवायचा, वैद्याची पगडी ओढायचा. आज तो काहीच करत नाही, नुसता पडून राहतो. त्याचं वाक्य येतं आणि तो गप्प राहतो. पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, तुम्हाला ते स्पष्ट ऐकू येतं. प्रॉम्प्टर पुन्हा सांगतो, या वेळी जरा मोठ्याने. वाक्य तो विसरलेला नाही. तो तुमच्याकडे बघतोय. आतापर्यंत हसत होतात त्या तुमच्याकडे, आणि चांगलाच वेळ. मग अगदी सपाट आवाजात तो वाक्य बोलतो.

“हासव ना गा!” मागून एकजण ओरडतो. दोनचार शिट्ट्या होतात. दुसरा म्हणतो, “चूप बस ना बे!” बायकांकडून काहीच आवाज येत नाही.

पहाटे नाटक सुटतं. चहाच्या टपरीवर जुंपते, आणि तुम्ही मुद्दाम तिथे थांबा. एक शेतकरी खरोखर चिडलाय. “रडाले तर घरीबी भेटते. आमी वर्षभर चिखलात राबतो, एक रात हासाले येतो. तेबी याले देववत नाही?” या माणसाला अडाणी म्हणून बाजूला सारू नका. त्याने वर्गणी दिली आहे, बैलगाडी जुंपून पाहुणे आणले आहेत, आणि त्याला दिलेला शब्द आज मोडला गेला असं त्याला मनापासून वाटतं. दुसरा म्हणतो, नट म्हातारा झाला, आता त्याच्यात दम नाही. हे मात्र मला पटत नाही. दम नसलेला माणूस एवढ्या गर्दीला इतका वेळ गप्प धरून ठेवू शकत नाही. चुलीपाशी उभी असलेली एक बाई कप विसळता विसळता म्हणते, “आज मले तो पयल्यांदा खरा वाटला.” तिला कुणी उत्तर देत नाही.

झाडीपट्टी आपल्या विनोदी नटावर जीव ओवाळते. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना तिने झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हटलं. हजारो प्रयोग करणाऱ्या या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. असं नाव मिळालं की ते रोज रात्री वागवावंही लागतं.

आता आणखी मागे चला. जानेवारी १९१९, सावनेर, नागपूरच्या उत्तरेला. राम गणेश गडकरी आजारी आहेत. वय अवघं तेहतीस. ‘बाळकराम’ म्हणून त्यांनी महाराष्ट्राला खदखदून हसवलं आहे. ‘एकच प्याला’ लिहून झालंय, पण रंगभूमीवर आलेलं नाही. २३ जानेवारीला ते जातात आणि २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळी बडोद्याला पहिला प्रयोग करते. बालगंधर्व फाटक्या लुगड्यातली सिंधू होतात. तुम्ही त्या प्रेक्षागृहात बसा आणि एकच गोष्ट पाहा. तळीरामाच्या ज्या विनोदांवर तुम्ही टाळ्या दिल्या, त्याच विनोदांनी सुधाकराला बुडवलं आणि सिंधूला जात्याशी बसवलं. गडकऱ्यांनी हसवता हसवता तुम्हालाच त्या मंडळाचं सभासद करून घेतलं आहे. विनोद करणारा आत वळला की आपल्याला चोरी झाल्यासारखं वाटतं, त्याचं कारण मला इथे दिसतं. तो एकटा आत जात नाही, आपल्यालाही ओढून नेतो. आणि आपण त्या तयारीने आलेलो नसतो.

साठच्या दशकात थोडं थांबा. पु. ल. देशपांडे एकटेच रंगमंचावर ‘बटाट्याची चाळ’ उभी करताहेत. अख्खी चाळ हसवून झाल्यावर शेवटी चिंतन येतं आणि हसू हळूहळू ओसरतं. पुलंना ते माफ झालं, कारण तोवर तुमचं पोट भरलेलं असतं. झाडीपट्टीतल्या त्या नटाने ताट मध्येच बाजूला सारलं होतं.

आणि आता डिसेंबर २०२२, गोंदिया शहर. स्पर्धा परीक्षेच्या पोरांची खोली, एक मोबाइल, तिघांची डोकी. स्टँडअप विनोदवीर झाकिर खानचा नवा कार्यक्रम ‘तथास्तु’ आलाय. त्याच्या आधीच्या ‘हक से सिंगल’मधला ‘सख्त लौंडा’ या पोरांना तोंडपाठ आहे. आज तो आजोबांबद्दल बोलतोय, सारंगीवादक उस्ताद मोइनुद्दीन खान यांच्याबद्दल, आणि बापाबद्दल, घर सोडण्याबद्दल. चार वर्षांपूर्वी हॅना गॅड्सबीच्या ‘नॅनेट’ या स्टँडअप कार्यक्रमावरून जगभर वाद झाला होता की याला विनोद म्हणायचं का. तोच वाद आता या खोलीत होतोय. “भाषण ठोकतोय यार,” एकजण म्हणतो. “जुनं लाव.” दुसरा मोबाइल हातातून सोडत नाही, तो आमगावजवळच्या खेड्यातून आलाय आणि दोनदा नापास झालाय. तिसरा मधूनच हसतो, मधूनच गप्प होतो, बाजू कुणाचीच घेत नाही.

ते तुम्हाला विचारतात. तुम्ही सांगता, आवडलं नाही तर नाही म्हण, तो तुझा हक्क आहे. पण माणूस संपला, असं लगेच म्हणू नकोस.

“संपला कुठं म्हणतो मी?” पहिला उसळून म्हणतो. “याचा पुढचा आला का मीच सगळ्यात आधी पाहीन. पण मंग त्यानं हासवलं पायजे.”