१२. जलाश्व
‘जलाश्व’ म्हणजे पाणघोडा. ही टीप ज्या मजकुरावर आहे त्यात मात्र हे भारतीय नौदलाचे, सैन्य आणि अवजड सामान थेट किनाऱ्यावर उतरवणारे जहाज. मूळचे अमेरिकी नौदलाचे ‘ट्रेंटन’ (१९७१). भारताने ते विकत घेऊन २२ जून २००७ रोजी अमेरिकेतील नॉरफोक येथे नौदलात दाखल केले. नौतळ विशाखापट्टणम.

‘आज जहाज मागून बुडवलं’ हे त्या मजकुराच्या लेखकाने दिंडोरीतल्या आपल्या आईला फोनवर सांगितलेले वाक्य शब्दशः खरे आहे. जहाजाच्या मागच्या भागात प्रशस्त हौद असतो. टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन जहाजाची ती बाजू मुद्दाम खाली दबवतात, मागचे दार उघडतात. पाणी आत शिरते आणि तिथे ठेवलेल्या नौका रणगाडे, ट्रक, जवान घेऊन तरंगत बाहेर पडतात. काम झाले की पाणी उपसून जहाज पुन्हा सरळ. त्यामुळे धक्का नसलेल्या किनाऱ्यावरही मदत पोचवता येते. वर हेलिकॉप्टरांसाठी सपाट डेक, पोटात सुमारे हजार सैनिकांची सोय. ही सोय युद्धाइतकीच संकटात मोलाची ठरली : कोविडकाळात याच जहाजाने मालदीवमधील मालेहून ६९८ भारतीयांना १० मे २०२० रोजी कोचीला सुखरूप आणले. — संपा.