गाणे घरी आले, पण वादक?

आज मोबाईलवर बोट ठेवले की हवे ते गाणे वाजते. पण बायकांच्या कानांपर्यंत गाणे पोचायला फार वर्षे लागली. मैफली रात्रीच्या, आणि पुरुषांच्या. घरंदाज बाईने तिथे ऐकायला बसणेदेखील बरे दिसत नसे.

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या साहेबाने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना कळावे म्हणून गाणे संपताच बाई इंग्रजीत आपले नाव सांगत. एका बाजूला तीनेक मिनिटेच! तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा. ज्यांना सभ्य घराच्या पायरीशी कुणी उभे करीत नव्हते, त्यांचाच आवाज त्या घरांच्या दिवाणखान्यात घुमू लागला, याचे मला फार नवल वाटते. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि बाईच्या गाण्याला मान मिळाला.

मग रेडिओ आला. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण आठवड्याला एक अशा बेताने लागे, एकूण ५६ गीते. कॅसेट आमच्या लहानपणची. फीत गुंतली की पेन्सिलीने गुंडाळायची. सीडीचे राज्य थोडेच दिवस टिकले. २०१६ साली मुंबईचे नामांकित ‘ऱ्हिदम हाऊस’ दुकानही बंद झाले.

आता गाणे विकत कोण घेतो? मोबाईलवर ऐकलेल्या एका गाण्यामागे कलावंताला जेमतेम काही पैसे मिळतात, तेही स्पॉटिफायसारख्या ठिकाणी निदान तीस सेकंद ऐकले तरच. म्हणून गाण्याची सुरुवातच चटकदार करतात म्हणे! तबकडीने तीन मिनिटांत कोंबले, यांनी अर्ध्या मिनिटात. २०१२ च्या कायद्याने गीतकार-संगीतकारांचा मानधनावरचा हक्क पक्का केला, हे मात्र चांगले झाले.

तेव्हा पोट चालते ते मैफलीवर. पण मैफलही पूर्वीची राहिली नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. रात्रभर गाणे चाले, पहाटे ललत, तोडी ऐकून लोक घरी जात. २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि ती जागरणे संपली. आजारी माणसांना झोप मिळते, ते मी वाईट कसे म्हणू? शिवाय आता बायकांना संध्याकाळी जाऊन वेळेवर घरी परतता येते. २०२० साली कोरोनाने सगळेच थांबले. गायकांनी घरून मोबाईलसमोर गाऊन दाखवले, पण दाद कुठून येणार?

मोठ्यांचे निभावते. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले या विलायती मंडळींनी नवी मुंबईत गायले, तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली होती. काळजी वाटते ती आपल्या गल्लीतल्या पेटीवाल्यांची नि तबलजींची. हल्ली कार्यक्रमात तयार ‘ट्रॅक’ लावतात. तो चहा मागत नाही, बिदागीही नाही. आपल्याही मंडळात गेल्या कोजागिरीला यावर बरीच वादावादी झाली. माझे मत मी तेव्हाच मांडले होते: वर्गणी दहा रुपये वाढवा, पण तबलजींना बोलवा. या वर्षीचा निर्णय येत्या सभेत व्हायचा आहे.