‘बॅक’ दाबल्यावर नक्की कुठे जायचं?

आजचा विषय तुमच्या अंगठ्याखालीच आहे : ॲपमध्ये ‘मागे’ जाणं. दिवसभरात आपण हे किती वेळा करतो याला मोजदाद नाही. पण या एका कृतीने ॲप बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षं घाम फोडलाय.

मूळ कल्पना खूप जुनी. ताटांची चळत आठवा. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. याला स्टॅक म्हणतात. ॲलन ट्युरिंगने १९४६ मध्ये यासाठी ‘पुरणं’ आणि ‘उकरणं’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. ॲपमध्येही तेच : नवी स्क्रीन चळतीवर ठेवली की पुश, वरची काढली की पॉप. इतकं सोपं. मग भानगड कुठे झाली?

भानगड अशी, की ‘मागे’ नेमकं कोणाच्या मालकीचं यावर दोन कंपन्यांचं एकमत नव्हतं. २००७ च्या आयफोनवर समोर एकच होम बटण. मागे जायची खूण ॲपच्या आत, डाव्या कोपऱ्यात वर. म्हणजे ‘मागे’ ॲपचं. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, त्यावर मात्र खरंखुरं बॅक बटण होतं. म्हणजे ‘मागे’ फोनचं! ईमेलमधून नकाशा उघडला आणि बॅक दाबलं, तर थेट ईमेलमध्ये परत.

आता २०१५ मध्ये या. फेसबुकने रिॲक्ट नेटिव्ह सगळ्यांसाठी खुलं केलं, मार्चमध्ये आयफोनसाठी, सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी. एका भाषेत लिहा, दोन्हीकडे चालवा. पण नेव्हिगेशनचं काय? सुरुवातीलाच दोन पर्याय होते. एक ‘नॅव्हिगेटर’, पूर्ण जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. दुसरा ‘नॅव्हिगेटर-आयओएस’, ॲपलच्या मूळ यंत्रणेवर बेतलेला, पण फक्त आयफोनपुरता. पहिला दोन्हीकडे चालायचा, पण जावास्क्रिप्ट दुसऱ्या कामात अडकलं की स्क्रीन सरकताना अडखळायची. शिवाय अँड्रॉइडचं बॅक बटण वेगळं हाताळावं लागायचं. ते विसरलं, तर तुम्ही चार स्क्रीन आत असलात तरी एका बॅकमध्ये ॲप बंद!

आणि इथे खरा प्रश्न येतो. समजा, कोणी फॉर्मची फी भरतंय. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर चुकून बॅक दाबलं आणि ॲप गायब. पैसे गेले की नाही? आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच असतो. आयफोनवरच टेस्ट करून ‘झालं काम’ म्हटलं, तर भुर्दंड त्यांना पडतो.

पुढे प्रयोग चालूच राहिले. २०१७ मध्ये रिॲक्ट नेव्हिगेशन आलं आणि त्याच वर्षी जुना नॅव्हिगेटर मूळ पॅकेजमधून काढला गेला. नंतर शहाणपण आलं : स्क्रीन सरकवायचं काम फोनच्या मूळ यंत्रणेलाच करू द्या, आपण फक्त चळतीचा हिशोब ठेवू. आजचा ‘नेटिव्ह स्टॅक’ हेच करतो.

गोष्ट इथे संपली असं वाटलं ना? नाही! २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये कडेवरून बोट सरकवून मागे जाणं आलं. मग २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून गूगलने नवी पद्धत आणायला सुरुवात केली : बोट उचलायच्या आधीच, मागे कुठे पोहोचणार ते दाखवायचं. म्हणजे ‘बॅक अडवायचा का’ हे ॲपने आधीच सांगून ठेवायला हवं, ऐनवेळी ठरवून चालणार नाही. म्हणूनच २०२३ मध्ये फ्लटरला आपलं जुनं ‘विल-पॉप-स्कोप’ बाजूला ठेवून ‘पॉप-स्कोप’ आणावं लागलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एकच. लायब्ररी कुठलीही घ्या, पण ‘मागे’ हा वापरणाऱ्याला दिलेला शब्द आहे. परतीची वाट माहीत असेल तरच माणूस बिनधास्त पुढे जातो. तुम्ही ॲप बनवत असाल तर रिलीजच्या आधी एक करा : एखादा साधा अँड्रॉइड फोन घ्या आणि प्रत्येक स्क्रीनवर बॅक दाबून बघा. विशेषतः पैशांच्या स्क्रीनवर.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!