दोनशे बावीसचे कूळ

भारतीय हवाई दलाची २२२ क्रमांकाची स्क्वॉड्रन १५ सप्टेंबर १९६९ रोजी उभी राहिली. सुखोई-७ ही सोव्हिएत बनावटीची विमाने तिच्या वाट्याला आली आणि तिचे नाव पडले ‘किलर्स’. आज ती ‘टायगरशार्क्स’ म्हणून ओळखली जाते. स्थापनेपासून तिने तीन जातींची विमाने वापरली: सुखोई-७, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय. या तिन्ही जातींचा संबंध नाशिक जिल्ह्यातल्या ओझरशी येतो. सुखोई-७ची मोठी दुरुस्ती तिथे झाली, मिग-२७ आणि सुखोई-३० तिथे बांधली गेली. स्क्वॉड्रनचा तळ मात्र ओझरला नव्हता आणि नाही. गावाशी तिचे नाते आहे ते यंत्रांच्या वाटेने.

निव्वळ बॉम्बफेकीसाठी बांधलेली लिबरेटर आणि कॅनबेरा ही विमाने हवाई दलाने दीर्घकाळ वापरली. कॅनबेराची सेवा तर १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षांची. साठच्या दशकात मात्र जगभर कल बदलला. एकाच वैमानिकाने वेगाने, जमिनीलगत शिरून बॉम्ब टाकावेत आणि गरज पडल्यास स्वतःचा बचावही करावा, अशी लढाऊ-बॉम्बफेकी विमाने आली. सुखोई-७ त्यांपैकी एक. पंख कमालीचे मागे झुकलेले, दणकट बांधा, पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि इंधनाची प्रचंड भूक. त्या भुकेपायी पोटाखाली इंधनाच्या जादा टाक्या लटकवाव्या लागत आणि तेवढी बॉम्बची जागा कमी होई. १९७१च्या युद्धात २२२ स्क्वॉड्रन ही विमाने घेऊन पश्चिम आघाडीवर लढली.

ओझर हे निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. मिग-२१ भारतात बांधायचे ठरल्यावर कामाची वाटणी तीन ठिकाणी झाली: इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला. त्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १९६४ मध्ये कारखान्याचे काम सुरू झाले. द्राक्षे आणि कांद्याच्या या तालुक्यात रिव्हेटच्या बंदुका आल्या आणि बोलण्यात एक नवा शब्द रुळला. आसपासची माणसे कारखान्याला आणि त्याच्या वसाहतीला ‘मिग’च म्हणू लागली, ‘ओझर मिग’ असा उल्लेख वर्तमानपत्रांतही होतो. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत अभियंत्यांच्या आडनावांची आद्याक्षरे निफाड तालुक्यात गावाच्या नावाचा भाग झाली, ही या कुळकथेतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

कारखान्याच्या शेजारी १९७४ मध्ये हवाई दलाने स्वतःचा ११ बेस रिपेअर डेपो उभारला. लढाऊ विमान ठरावीक उड्डाण-तासांनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर पूर्ण उघडावे लागते. आवरणपत्रे काढून आतल्या तुळया तडा गेल्यात का हे तपासणे, वायरींचे जुडगे बदलणे, इंधनटाक्या व हायड्रॉलिक नळ्या दाबाखाली धरून पाहणे, मग सारे पुन्हा जोडून उड्डाणचाचणी घेणे, अशी ही ओव्हरहॉल होते. डेपोत ओव्हरहॉल झालेले पहिले विमान सुखोई-७ जातीचेच होते, म्हणजे २२२च्या पहिल्या पिढीचे सख्खे भावंड.

दुसरी पिढी ओझरच्याच पोटची. डिसेंबर १९८५ मध्ये २२२ स्क्वॉड्रनला मिग-२७ मिळाली. या जातीचे विमान घेणारी हवाई दलातली ती पहिली स्क्वॉड्रन. परवान्यावर ओझरला अशी १६५ विमाने तयार झाली आणि ‘बहादूर’ हे नाव त्यांना भारतात मिळाले. हे विमान जवळून पाहिले की त्याचे काम लगेच उमगते. नाक टोकदार नाही. बदकाच्या चोचीसारखे चपटे आणि खाली उतरते आहे. तिथे मोठे रडार नाहीच, लेझरने अंतर मोजणारे यंत्र आहे. उतरत्या नाकामुळे वैमानिकाला पुढची-खालची जमीन दिसते. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना चिलखती पत्रे, पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची फिरती तोफ. पंख मागेपुढे सरकणारे: उतरताना १६ अंशांवर पसरलेले, मधल्या वेगाला ४५ आणि शेवटच्या झेपेला ७२ अंशांवर अंगाशी मिटलेले. ज्या जाडजूड बिजागरीवर हा पंख वळतो ती सारा भार पेलते, म्हणून तिथल्या धातूत बारीकशीही चीर चालत नाही. असे पंख बांधणे आणि पुन्हा तपासणे यात ओझरच्या कामगारांच्या एका पिढीचा हात बसला.

विमानांवर रंगवल्या जाणाऱ्या बोधचिन्हांचे कूळ याहून जुने आहे. फ्रेंचांनी पंखांवर तिरंगी वर्तुळ रंगवले, पहिल्या महायुद्धात स्वपक्षाचे विमान ओळखता यावे म्हणून ब्रिटिशांनी रंगांचा क्रम उलटवून ते उचलले आणि १९३२ साली स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाकडे ते वारशाने आले. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवर लाल सूर्य असे, म्हणून या भागातल्या विमानांवरचा लाल ठिपका पुसावा लागला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि १९५० पासून बाहेर हिरवे, मध्ये पांढरे, आत केशरी हे वर्तुळ कायम झाले. हे झाले देशाचे चिन्ह. स्क्वॉड्रनचे चिन्ह वेगळे. ब्रिटिश हवाई दलात वैमानिक हौसेने काय काय रंगवत. १९३६ पासून ही चिन्हे एका साच्यात बसवून राजाच्या मंजुरीने दिली जाऊ लागली. वर मुकुट, मध्ये वर्तुळात प्राणी किंवा शस्त्र, खाली फितीवर ब्रीद. प्रजासत्ताकात मुकुट गेला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ब्रीदे देवनागरीत आली. पहिल्या स्क्वॉड्रनचा वाघ, पाचव्या बॉम्बफेकी स्क्वॉड्रनचा हत्ती ही या परंपरेतली ठळक चिन्हे.

मराठी वाचकाला या चिन्हाची जात ओळखीची वाटेल. लग्नाआधी घरोघर देवक बसवतात. कोणाचे पंचपल्लव, कोणाचे कळंब, कोणाचे मोरपीस. एका देवकाची माणसे एका कुळाची. स्क्वॉड्रनमधली माणसे दोन-तीन वर्षांनी बदलतात, तळ बदलतो, विमाने भंगारात जातात. उरतो तो क्रमांक आणि चिन्ह. विमाने संपली आणि नवी आली नाहीत तर स्क्वॉड्रन ‘नंबरप्लेट’ होते, म्हणजे क्रमांक राखून ठेवला जातो, चषक आणि नोंदवह्या जपून ठेवल्या जातात. पुढे कधीतरी नव्या विमानांसह तोच क्रमांक, तेच चिन्ह पुन्हा जागे होते.

‘टायगरशार्क’ म्हणजे पाठीवर वाघासारखे पट्टे असलेला शार्क. कोकणातले कोळी शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. पिल्लाच्या अंगावर हे पट्टे ठसठशीत असतात आणि वयाबरोबर फिकट होत जातात. नाव पडले तेव्हा स्क्वॉड्रनचे काम जमिनीवर मारा करण्याचे होते. समुद्राशी तिचा खरा संबंध तिसऱ्या पिढीत आला.

२०११ मध्ये २२२ स्क्वॉड्रन नंबरप्लेट झाली. हवाई दलातल्या शेवटच्या मिग-२७ विमानांनी २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला निरोप घेतला आणि पाचच दिवसांनी, १ जानेवारी २०२० रोजी, २२२ पुन्हा जिवंत झाली. २० जानेवारीला तमिळनाडूतल्या तंजावरला तिचा समारंभपूर्वक प्रवेश झाला. या वेळी विमान होते सुखोई-३० एमकेआय आणि त्याच्या पोटाखाली ब्राह्मोस क्षेपणास्त्र.

ही जोडी जुळवण्याचे मोठे काम ओझरलाच झाले. अडीच टन वजनाचे, सुमारे साडेआठ मीटर लांबीचे हे क्षेपणास्त्र दोन इंजिनांच्या मधल्या खोबणीखाली बसवायचे तर विमानाचे पोट मजबूत करावे लागते, नवा धारक बसवावा लागतो आणि तारांचे जाळे बदलावे लागते. २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस घेऊन सुखोई-३०ने ओझरच्या धावपट्टीवरून पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर प्रत्यक्ष क्षेपणास्त्र सुटले आणि समुद्रातले लक्ष्य भेदले गेले. जहाजावर मारा करणाऱ्या स्क्वॉड्रनला शार्कचे नाव शोभते. योगायोगाने ते आधीपासून तिच्याकडे होते. दुसरा योगायोग आकड्यांचा: १४०, ४० आणि ४२ अशा तीन करारांतून ओझरला बांधलेल्या सुखोई-३० विमानांची बेरीज २२२ भरते.

तळाची निवडही मराठी माणसाला हलवून जाणारी. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवलेला लांबलचक मराठी लेख आजही आहे. त्या शहराच्या विमानतळावर ओझरच्या हातांनी जुळवलेली विमाने उभी राहतात.

कारखान्यातून चाचणीसाठी प्रथम झेपावणारे विमान रंगाविना, हिरवट-पिवळ्या प्रायमरमध्येच असते. मग करडा रंग, तिरंगी वर्तुळ, शेपटीवरचे पट्टे, क्रमांक चढतात. स्क्वॉड्रनचे चिन्ह विमान आपल्या घरी पोचल्यावर लागते आणि ओव्हरहॉलसाठी परतताना पुन्हा रंगाखाली जाते. सुखोई-३०ची ओव्हरहॉल आता कारखाना आणि डेपो दोघेही करतात. डेपोने पहिले असे विमान एप्रिल २०१८ मध्ये हवाई दलाच्या स्वाधीन केले. ८ मार्च २०२४ रोजी हिंडन तळावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ११ बेस रिपेअर डेपोला राष्ट्रपतींचा ध्वज मिळाला. त्याच सोहळ्यात मान मिळालेल्या तुकड्यांत २२१ स्क्वॉड्रनही होती, एकेकाळी सुखोई-७ उडवणारी, क्रमांकाने २२२ची शेजारीण.